गॅसवाला कोझिमो आणि चौदा पायऱ्या

कोझिमोने आयुष्यात अकरा महिने खड्डे खणले आणि पुढची चोपन्न वर्षं तेवढ्यावर काढली. एकोणसत्तर साली मेलबर्नच्या आमच्या या उत्तरेकडच्या भागात घरोघर नळाचा गॅस यायला लागला, तेव्हा हा एका कंत्राटदाराकडे फावडं घेऊन होता. फावडं, बरं का. नळाला हात लावायची परवानगी त्याला कुणी दिली नव्हती. पण आज थॉमसटाउनमध्ये कुणालाही विचारा, ‘गॅसवाला कोझिमो’ म्हटलं की घर दाखवतील. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलं आणि आम्ही मूर्खांनी ते चालवलं.

खड्डे संपल्यावर तो बुटांच्या कारखान्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. एकतीस वर्षं बुटांचे तळवे चिकटवले. पण त्या नोकरीबद्दल त्याच्या तोंडून अक्षर निघायचं नाही. क्लबात पत्ते खेळताना, लग्नात, अगदी मयताच्या जेवणातसुद्धा विषय फिरून गॅसवर यायचा. ‘ही शेगडी पेटते ना, ती माझ्यामुळे,’ असं तो यजमानिणीला तिच्याच घरात उभा राहून सांगायचा, आणि ती बिचारी वर त्याला दुसऱ्यांदा वाढायची.

मी फिलोमेना, त्याच्या कुंपणापलीकडची. त्याच्या मुलीला, मरिएलाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं ते मी, म्हणजे मी तिची धर्ममाता. म्हणून त्याची बायको नुन्झियाता आणि मी एकमेकींना ‘कोमारे’ म्हणतो, आणि मला त्याला ‘कोंपारे’ म्हणावं लागतं. हे नातं रक्ताचं नाही, पण तोडताही येत नाही. नाहीतर त्या माणसाशी मी केव्हाच बोलणं टाकलं असतं.

त्यांचं घर एकोणऐंशी सालचं. खाली गॅरेज, वर घर, पुढे कमानी, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. एका सिंहाचं नाक नव्वद साली पोस्टमनच्या सायकलने गेलं, ते तसंच आहे. आणि इथल्या आम्हा सगळ्या इटालियनांच्या घरांत असतात तशी स्वयंपाकघरं दोन. वरचं संगमरवरी, लोकांना दाखवायचं. खालचं गॅरेजमध्ये, गाडी आणि वाइनच्या पिंपांशेजारी, रोजचं रांधायचं. माझ्याकडेही तसंच आहे, लपवत नाही. पण माझ्या वरच्या शेगडीवर निदान सकाळची कॉफी होते, पूर्वी मुलांचं दूध तापायचं. नुन्झियाताच्या वरच्या शेगडीवर कधी थेंब सांडला नाही. इटलीहून मागवलेली सहा बर्नरची लखलखीत शेगडी. तिच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर मेणाची फळं. कॉफीसुद्धा ही बाई खाली करून वर आणायची. चौदा पायऱ्या आहेत त्या जिन्याला.

आम्ही तिला काय काय बोललो असू! ‘म्युझियमची राखणदारीण’ हे नाव माझंच. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसायचं? कोझिमो. ‘मी माझ्या या हातांनी गॅस जोडून दिलाय तिला,’ तो पाहुण्यांना सांगायचा, ‘आणि ही बाई त्याची वेदी करून बसलीय! मेणबत्त्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात.’ पाहुणे हसायचे. नुन्झियाताही हसायची, आणि पुढचं ताट आणायला खाली उतरायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी जुलैत, ऐन थंडीत, लसान्याचा भलामोठा ट्रे घेऊन चढताना ती नवव्या पायरीवरून पडली. एक गुडघा कामातून गेला. डॉक्टरने तिला समोर बसवून सांगितलं, ‘या जिन्याशी संबंध तोडा, नाहीतर दुसराही जाईल आणि कायमच्या खुर्चीत बसाल.’ शहात्तर वर्षांची बाई. आणि तिच्या नवऱ्याने मला कुंपणावरून काय बातमी दिली माहीत आहे? ‘लसान्या सगळी वाया गेली, कोमारे.’

तेव्हा मरिएलाने हिय्या केला. म्हणाली, हे घर पाडू या, याच जागेवर दोन छोटी बांधू या, एकात तुम्ही, एकात आम्ही. नकाशे काढायला तिने हेदर नावाची बाई आणली. चाळिशीची, शांत, कितीही खोडलं तरी न चिडणारी. कोझिमोला असल्या माणसाचीच गरज होती. दुसरं कुणी असतं तर तिसऱ्या दिवशी पळालं असतं.

हेदरने पहिला नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मी तिथे होते. आईबापांसाठी एकमजली घर. एकच स्वयंपाकघर, बसायच्या खोलीतच मोकळं, मोठी खिडकी, आणि फाटकापासून चुलीपर्यंत एकही पायरी नाही. नुन्झियाताला इंग्रजी धड वाचता येत नाही. पण तिने कागदावरच्या त्या खिडकीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ही कुठे उघडते?’

‘मागे, तुमच्या टोमॅटोच्या वाफ्याकडे,’ हेदर म्हणाली.

नुन्झियाताने बोट काढलंच नाही. बाकीचे नळ-गटारांचं बोलत होते आणि ही आपली खिडकीवर बोट ठेवून बसलेली. हिला हे घर किती हवंय ते मला तेव्हा कळलं.

कोझिमोने नकाशा स्वतःकडे ओढला. ‘गॅस कुठाय?’

‘सगळं विजेवर आहे,’ हेदरने सांगितलं. ‘जानेवारीपासून नव्या घरांच्या अर्जांना गॅसची जोडणी मिळणार नाही, सरकारचा नियम आहे. डिसेंबर संपायच्या आत अर्ज गेला तर जुन्या नियमात बसेल. पण मी म्हणेन, विजेवरच घ्या.’

‘पोरी, तू कुणाशी बोलतेयस ठाऊक आहे का? या गल्लीत गॅस मी आणला.’

‘पापा, तू खड्डे खणलेस,’ मरिएला म्हणाली.

‘मग नळ कुठून गेले, आकाशातून?’

झालं. त्या दिवसापासून आमच्या कोंपारेंचं युद्ध सुरू झालं. त्याच्या मागण्या ऐका. घर दोनमजलीच हवं, कारण ‘एकमजली बांधलं तर लोक म्हणतील कोझिमो खाली आला.’ वर संगमरवरी स्वयंपाकघर, सहा बर्नर, गॅसवर. खाली गॅरेजमध्ये दुसरं, तेही गॅसवर. म्हणजे जुनंच घर पाडून पुन्हा जुनंच घर बांधायचं, मध्ये फक्त सहा महिने धूळ खायची.

‘आणि मम्माचा गुडघा?’ मरिएलाने विचारलं.

‘तिला वर कशाला जावं लागतंय? ती खालीच असते की.’

हे तो वाकड्या तोंडाने नाही म्हणाला. सरळ, समजावून सांगतात तसं म्हणाला.

‘मग जेवण वर कोण आणणार?’ मी विचारलं.

‘हळूहळू आणेल. घाई कुणी केलीय तिला?’

माझा हात तिथल्या फुलदाणीकडे गेला होता, खरं सांगते. ‘कोमारे, अगं बोल की काहीतरी!’ मी नुन्झियाताला म्हटलं. ती म्हणाली, ‘बोलते गं. बोलायची वेळ येऊ दे.’ मी मनात म्हटलं, तुझी वेळ या घरात चव्वेचाळीस वर्षांत आली नाही, आता काय येतेय. तिचाही राग आला मला. असल्या बायकांनीच असले नवरे पोसलेत, असं मी घरी येऊन मांजराला सुनावलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात हेदरने तीनदा नकाशे बदलले. डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ती शेवटचं ठरवायला आली, दोन्ही नकाशे घेऊन: एक कोझिमोचा दोनमजली, एक तिचा एकमजली. जमीन नवराबायको दोघांच्या नावावर, म्हणून सह्या दोघांच्या हव्यात. आम्ही सगळे वर, त्या संगमरवरी म्युझियममध्ये जमलो. खाली गॅरेजात नुन्झियाताचा टोमॅटोचा रस्सा गॅसवर मंद शिजत होता, वास वरपर्यंत येत होता. कुबडी घेऊन ती कशीबशी चढली होती.

हेदरने पिशवीतून विजेची एक छोटी शेगडी काढली. ताटाएवढी, चपटी, काचेची. पाणी ठेवलं. आम्ही खुर्च्या सरकवून बसेपर्यंत ते खळखळायला लागलं. नुन्झियाता पुढे झुकून बघत होती. ‘आणि बंद कसं करायचं?’ तिने विचारलं. हेदरने दाखवलं. ‘एवढंच?’

कोझिमोला ते सहन होईना. ‘ज्योत दिसत नाही तो विस्तव कसला?’ तो उठला. ‘बाई, तुला ज्योत म्हणजे काय ते दाखवतो.’

तो त्या सहा बर्नरच्या शेगडीकडे गेला. एकेक करत मेणाची फळं उचलली, रुमालाची घडी केली. पाद्रीसुद्धा इतक्या थाटात कपडा उलगडत नसेल. मग आमच्याकडे वळून म्हणाला, ‘हा गॅस मी जोडला. या हातांनी. एकोणऐंशी साली.’ आणि कळ फिरवली.

काही नाही.

काडी ओढली. काही नाही. दुसरी कळ, तिसरी. सहाच्या सहा फिरवून झाल्या. काडी बोटापर्यंत जळत आली तशी त्याने शिवी हासडून ती टाकली. ‘हवा अडकली असेल नळात.’

‘खालची शेगडी तर चालू आहे,’ हेदर हळूच म्हणाली.

‘तिला गॅसच नाहीये,’ नुन्झियाता म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. कुबडी खुर्चीला टेकवली आणि सांगायला लागली. ‘तू जोडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कामावर गेलास आणि घरभर वास सुटला. मरिएला दहा महिन्यांची, इथे जमिनीवर रांगत होती. मी खिडक्या उघडल्या, पोरीला फिलोमेनाकडे टाकलं...’

टाकलं होतं खरंच. बाजारात जाऊन येते म्हणाली होती.

‘...आणि प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, हे कुठल्या गाढवाने जोडलंय? मी म्हटलं, मला नाही माहीत. त्याने खालीच पाइप कापून बूच मारलं. म्हणाला, परत नीट जोडायचं तर हा सगळा संगमरवर उखडावा लागेल. संगमरवर उखडला असता तर अख्ख्या गल्लीला कळलं असतं.’

‘मग कळू द्यायचं होतंस की, मम्मा!’ मरिएलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

‘त्याच रविवारी पाद्री यायचे होते घराला आशीर्वाद द्यायला. ह्याने सत्तर माणसं बोलावली होती, माझ्या हातचं काम बघायला या म्हणून. मी काय करणार होते? सगळ्यांना म्हटलं, एवढं सुंदर स्वयंपाकघर मळेल, मी आपली खालीच रांधते. लोक हसले. मग तेच राहिलं.’

म्युझियमची राखणदारीण! मेली माझी जीभ. ही बाई चव्वेचाळीस वर्षं चौदा पायऱ्या चढत-उतरत होती, पोटुशी असताना, ताप असताना, ट्रे घेऊन, तान्हं कडेवर घेऊन, आणि आम्ही सगळे वर बसून तिचंच खाऊन तिलाच हसत होतो.

आणि तो? माझ्या मनात राहून राहून एकच गोष्ट येत होती. या माणसाने चव्वेचाळीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हाताने कॉफी ठेवायला त्या शेगडीची कळ फिरवली असती, तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. बायकोचं पित्ताशय काढलं तेव्हा ती नऊ दिवस इस्पितळात होती. नऊ दिवस हा माझ्याकडे जेवला. घरात दोन स्वयंपाकघरं असलेला गॅसवाला.

मला वाटलं, आता तरी तो खाली बसेल, डोकं धरेल, निदान गप्प होईल. छे! कोझिमोने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘माझा पाना कुठाय? अर्ध्या तासात जोडून देतो.’

मला हसू आवरेना. ‘हस तू,’ तो माझ्यावर ओरडला. ‘त्या प्लंबरनेच बिघडवलं असणार!’

नुन्झियाताने हेदरच्या हातातलं पेन घेतलं. दोनमजली नकाशा पुढे ओढला. गॅरेजातल्या स्वयंपाकघरावर फुली मारली. मग जिन्यावर मारली, आणि ती इतकी दाबून की कागद फाटला. मग एकमजली नकाशा घेऊन त्यावर सही केली, वाकडीतिकडी, शाळकरी अक्षरात, आणि नवऱ्यापुढे सरकवला. ‘कर सही.’

हेदर भली बाई. म्हणाली, ‘यातही गॅस घालता येईल हं, कोझिमो. पुढच्या आठवड्यात अर्ज गेला की झालं.’

‘घाला,’ नुन्झियाता म्हणाली. ‘विस्तव कुठलाही असू दे. मला जिना नको.’

म्हणजे बघा, त्याचा लाडका गॅस त्याच्या पुढ्यात ठेवला होता. नुसती सही करायची होती. पण बायकोने पेन हातात दिलं ना! ‘माझ्या घरात मला कुणी हुकूम सोडायचे नाहीत,’ असं म्हणून साहेब पाय आपटत क्लबात गेले.

नुन्झियाता त्या दिवसापासून खाली उतरली नाही. खालचा रस्सा मी जाऊन बंद केला. हेदरने तिची ती छोटी विजेची शेगडी ठेवून दिली होती. नुन्झियाताने ती त्या सहा बर्नरच्या मढ्यावर मांडली आणि वरच रांधायला सुरुवात केली, एका वेळी एक भांडं. नाताळचं जेवणसुद्धा तिने तेवढ्यावर केलं, सकाळी सहाला लागून. संगमरवरावर टोमॅटोचे डाग पडले. तिने ते पुसले नाहीत.

कोझिमो बोलत नव्हता. सही करत नव्हता. जेवायला मात्र वेळेवर येऊन बसायचा. पोटाचा रुसवा नव्हता. मरिएला रडून सांगून थकली. नुन्झियाताने मला एकदाच विचारलं, ‘नाही केली त्याने सही तर गं, कोमारे?’ तिचा हात गुडघ्यावर होता. नाही केली तर ती त्याच जिन्याच्या वरच्या टोकाला बसून राहणार होती, खाली उतरायचं म्हटलं की कुणाच्या तरी खांद्यावर.

जानेवारीच्या दोन तारखेला महाराजांचा राग उतरला. रागाने घरच विकून टाकायचं त्याच्या मनात आलं असणार, आणि क्लबात कुणीतरी सांगितलं असणार की दोघांच्या सह्यांशिवाय हे घर विकताही येत नाही. त्याने मरिएलाला हेदरचा फोन लावायला सांगितलं आणि मोठ्या मनाने म्हणाला, ‘ठीक आहे, करतो सही एकमजल्यावर. गॅस घाल आणि आण कागद.’

‘गॅसची मुदत परवाच संपली, कोझिमो,’ हेदर म्हणाली. फोन मोठ्या आवाजावर होता, मी शेजारीच होते.

गल्लीत गॅस आणणाऱ्याने स्वतःच्या घराचा गॅस स्वतःच रुसून घालवला होता. त्याची कीव यायला हवी होती का मला? नाही आली. सही त्याने दुसऱ्या दिवशी केली, पण त्या आधी नुन्झियाताकडून मिरच्या-बटाट्यांची भाजी करून घेतली.

नवं घर यंदा मार्चमध्ये झालं. आशीर्वादाच्या जेवणाला आम्ही वीसेक जण होतो. सिंह आणलेच त्याने, बिननाकाच्या सिंहासकट, बिनपायरीच्या दाराशी बसवलेत. आणि मी आत पाऊल टाकते तो काय, कोझिमो खोलीच्या मधोमध उभा राहून पाहुण्यांना सांगतोय, ‘मी म्हटलं, गॅस काढून टाका! दिवस विजेचे आहेत. या गल्लीतलं पहिलं विनागॅसचं घर माझं. सगळे नको म्हणत होते, मीच हट्ट धरला.’

लाज नावाची वस्तू त्या माणसाला जन्मतः दिलेलीच नाही. मी सरळ नुन्झियाताकडे गेले. ती त्याच खोलीत, खिडकीपाशी, उंच स्टुलावर बसून रस्सा ढवळत होती. ‘ऐकतेयस ना?’ मी म्हटलं. ‘आणि गप्प बसलीस? अगं, किती वर्षं गप्प बसणार आहेस?’

‘खाली गॅरेजात मला त्याचं निम्मं ऐकूच यायचं नाही, कोमारे,’ ती म्हणाली. ‘तो वर काय काय सांगायचा ते मला दुसऱ्या दिवशी तुझ्याकडून कळायचं. आता मी इथे समोर असते.’

आणि डाव हातात धरून तिने नुसतं वर पाहिलं, त्याच्याकडे.

कोझिमोचं वाक्य अर्धं होतं. ‘तर मीच म्हटलं, की...’ त्याची नजर तिच्यावर पडली. ती हसली नाही, रागावली नाही, मानही हलवली नाही. नुसती बघत राहिली. वीस माणसं पुढचं ऐकायला थांबली होती.

‘म्हणजे... आम्ही म्हटलं,’ तो म्हणाला.

ती अजून बघतच होती.

त्याने घसा खाकरला. ग्लास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ‘हिने म्हटलं,’ तो म्हणाला. ‘नुन्झियाताने.’

‘ताटं घेऊन जा,’ नुन्झियाता त्याला म्हणाली, आणि वाढायला लागली.